मोजपट्टी लहान, किनारा लांब: फ्रॅक्टलबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रॅक्टलवर अर्ध्या पानाची चौकट दिली होती, त्यात एवढंच होतं की ज्या आकाराचा छोटा तुकडा मोठा करून बघितला तरी पुन्हा तसाच खडबडीतपणा दिसतो त्याला फ्रॅक्टल म्हणतात, आणि शेजारी फ्लॉवरचा फोटो. त्यावर एवढे मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. "मला गणित येत नाही" असं बऱ्याच जणांनी आधीच लिहून टाकलंय. चालेल हो, गुणाकार-भागाकार आला तरी पुरे.

प्रश्न (माहीम, निवृत्त शिक्षिका): वर्षानुवर्षं मुलांकडून भारताचा किनारा ७,५१६.६ किमी आणि महाराष्ट्राचा ७२० किमी असं पाठ करून घेतलं. आता नातू म्हणतो भारताचा किनारा ११ हजारांच्या वर गेलाय. समुद्र वाढला की जमीन वाढली?

उत्तर: बाई, दोन्ही नाही, मोजपट्टी लहान झाली. तुमचा ७,५१६.६ चा आकडा १९७० च्या दशकातल्या मोजणीचा, तेव्हाच्या नकाशाचं प्रमाण होतं १:४५,००,०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे खरे ४५ किलोमीटर. आता कुलाब्यापासून दहिसरपर्यंत सरळ रेषेत मोजलं तर साधारण ४० किमी भरतात, म्हणजे आपली अख्खी मुंबई त्या नकाशावर एका सेंटिमीटरच्या आत बसली, मग माहीमची खाडी, मालाडची, मनोरीची, त्यांचे फाटे आणि फाट्यांचे फाटे हे सगळं पेन्सिलीच्या एका रेघेखाली गडप. नवी मोजणी केली १:२,५०,००० वर, १ सेंटिमीटरला अडीच किमी, आणि तिचा आकडा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात आला, ११,०९८.८१ किमी. महाराष्ट्र त्या यादीत ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेलाय. तुमचा ७२० धरला तर एकाच किनाऱ्याचे तीन आकडे झाले!

पण त्या यादीत मला सगळ्यात बघण्यासारखं वाटलं ते केरळ आणि पश्चिम बंगाल. केरळ ५६९.७ वरून ६००.१५, म्हणजे फक्त ५ टक्के वाढ. बंगाल १५७ वरून ७२१, म्हणजे साडेचार पटीच्या वर. नकाशा दोघांसाठी सारखाच बदलला. केरळचा किनारा बराचसा सरळसोट, त्यात बारकाईने बघून नवीन फारसं काही सापडत नाही, आणि बंगालकडे सुंदरबन, जिथे जितकं जवळ जाल तितक्या आणखी खाड्या निघतात. (सगळी वाढ एकट्या प्रमाणाच्या खात्यात टाकू नका, मोजायची पद्धतही नवीन आहे, पण मोठा वाटा त्याचाच.)

ही भानगड आपल्याकडेच आहे असं नाही. लुईस फ्राय रिचर्डसन म्हणून एक इंग्रज शास्त्रज्ञ होते, पक्के युद्धविरोधी, दोन देशांमधली सीमा जास्त लांब असेल तर युद्धं जास्त होतात का हे ते तपासत होते, त्यासाठी सीमांचे आकडे गोळा केले तर स्पेन म्हणतं पोर्तुगालबरोबरची सीमा ९८७ किमी आणि पोर्तुगाल म्हणतं १,२१४. कोणी खोटं बोलत नव्हतं, लहान देशाने जास्त बारीक नकाशा वापरला असणार. १९५३ साली रिचर्डसन गेले, त्यांचं हे काम १९६१ मध्ये छापून आलं आणि आयबीएममध्ये काम करणाऱ्या बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने ते उचललं. १९६७ मध्ये त्याने ब्रिटनचा किनारा किती लांब असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला, ज्याचं उत्तर थोडक्यात असं की "किती लांब" हे विचारूच नका, मोजपट्टी अर्धी केली की उत्तर किती वाढतं ते विचारा. ते वाढणं मात्र ठरावीक असतं, त्या किनाऱ्याची ती खूण असते. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर मोजपट्टी अर्धी केली की लांबी दरवेळी १९ टक्क्यांच्या आसपास वाढते, दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्यावर दीड टक्कासुद्धा नाही. पुढे १९७५ मध्ये त्यानेच अशा आकारांना फ्रॅक्टल नाव दिलं. बाकी पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवरच उभी आहेत, तेवढी डोक्यात राहू द्या.

प्रश्न (ठाणे, आयटीमध्ये नोकरी): ब्रिटनच्या किनाऱ्याची मिती १.२५ असं वाचलं. मिती एक असते, दोन असते, तीन असते. सव्वा मिती म्हणजे काय थट्टा आहे का?

उत्तर: थट्टा नाही, पण पहिल्यांदा ऐकल्यावर तसंच वाटतं. असं बघा. एक रेघ दुप्पट मोठी केली की तिच्यात जुनी रेघ २ वेळा बसते. चौरसाची बाजू दुप्पट केली की जुने ४ चौरस बसतात. घनाची दुप्पट केली की ८ घन. २ चा पहिला घात, दुसरा घात, तिसरा घात, आणि हा जो घात तीच मिती. एवढी व्याख्या मान्य केलीत की पुढे तुम्हाला माघार घेता येत नाही.

आता स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉखने १९०४ मध्ये काढलेली रेघ घ्या. सरळ रेघेचे तीन समान भाग करा, मधला खोडून तिथे तंबूसारखी दोन बाजूंची टोपी घाला, म्हणजे तीनाच्या जागी चार तुकडे झाले, मग त्या चारांपैकी प्रत्येकाचं परत तेच, आणि हे थांबवायचंच नाही. ही रेघ तिप्पट मोठी केली तर तिच्यात जुन्या ४ बसतात. साधी रेघ असती तर ३ बसल्या असत्या, चौरस असता तर ९. चार हा आकडा मध्येच आला, म्हणून मितीही मध्ये, १.२६ च्या आसपास. म्हणजे रेघेपेक्षा जास्त जागा खाणारी पण पानभर न पसरणारी. तीन अशा रेघा त्रिकोणात जोडल्या की बर्फाच्या चांदणीसारखा आकार होतो, १० वेळा टोप्या घातल्या की त्याची परिमिती जवळपास १८ पट होते, ५० वेळा घातल्या की १७ लाख पटीच्या वर, आणि क्षेत्रफळ? मूळ त्रिकोणाच्या १.६ पटीपुढे जातच नाही. अनंत लांबीचं कुंपण, आत मात्र ठरावीक जमीन, रिअल इस्टेटवाल्यांना आवडेल असं काही नाही त्यात.

किनाऱ्याचं १.२५ हेही याच हिशोबातलं, फक्त तिथे कोणी नियमाने टोप्या घातलेल्या नाहीत त्यामुळे ते मोजून काढावं लागतं. आणि हो, खऱ्या किनाऱ्यावर हा खेळ अनंत चालत नाही, वाळूच्या कणापर्यंत गेलात की भरती-ओहोटीत किनारा नक्की कुठे हेच ठरत नाही. निसर्गातला प्रत्येक फ्रॅक्टल वरून आणि खालून कुठेतरी संपतो, कागदावरचा संपत नाही.

प्रश्न (परळ, नर्स): याचा शरीराशी काही संबंध आहे का, की उगाच फोटो छान दिसतात म्हणून फुफ्फुसाचं चित्र टाकतात?

उत्तर: संबंध आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जोरदार उदाहरण तेच आहे. फुफ्फुसात करायचं काय असतं, तर छातीच्या पिंजऱ्यात मावेल एवढ्याच जागेत हवा आणि रक्त यांना शक्य तितका मोठा पृष्ठभाग मिळवून द्यायचा. श्वासनलिकेला दोन फांद्या, त्यांना परत दोन दोन, असं सुमारे २३ वेळा होतं, शेवटी ३० कोटींच्या वर वायुकोश, आणि त्यांचा पृष्ठभाग अंदाजे ७० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सच्या कोर्टापेक्षा थोडाच कमी. तो पाच-सहा लिटरच्या जागेत घडी घालून ठेवलाय. शिवाय फाट्यांवर फाटे या रचनेमुळे कुठलाही कोश मुख्य नळीपासून ठरावीक वळणांवरच राहतो, सगळ्यांना हवा साधारण बरोबरच पोचते. कॉखच्या चांदणीत जे गमतीचं वाटतं, थोड्या जागेत प्रचंड परिमिती, ते इथे जगण्यामरण्याचं काम करतं. रक्तवाहिन्यांचंही तेच.

डॉक्टर लोक याचा वापर करतात का? संशोधनात बराच, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची मिती साधारण १.७ येते आणि मधुमेह वगैरेमध्ये ती बदलते का हे तपासलं जातं, गाठीची कड किती खडबडीत आहे यावरही काम झालंय. पण तुमच्या वॉर्डातल्या रिपोर्टवर "फ्रॅक्टल मिती" असा रकाना सध्या तरी शोधू नका.

प्रश्न (विलेपार्ले, कॉलेज): यूट्यूबवर मँडेलब्रॉट सेटचे झूम व्हिडिओ तासन्तास बघतो. ते नक्की काय आहे?

उत्तर: एक आकडा घे, त्याला क म्हणू. शून्यापासून सुरुवात कर, आणि दरवेळी "वर्ग कर, त्यात क मिळव" एवढंच करत राहा. क जर १ असेल तर ०, १, २, ५, २६, ६७७, सुटलाच तो. क जर उणे १ असेल तर ०, उणे १, ०, उणे १, जन्मभर तिथेच. जे क असे सुटत नाहीत त्यांना काळा ठिपका द्यायचा, फक्त हे आकडे एका रेषेवरचे नाहीत तर पूर्ण पानावरचे घ्यायचे (अकरावी-बारावीत संमिश्र संख्या भेटतात त्या). सुटणाऱ्यांना किती पायऱ्यांत सुटले त्यावरून रंग देतात, तो रंग कोणता हे व्हिडिओ बनवणाऱ्याची मर्जी, त्यामुळे त्या निळ्या-सोनेरी झगमगाटात गणित कमी आणि सजावट जास्त. १९८० च्या सुमाराला मँडेलब्रॉटने आयबीएमच्या कॉम्प्युटरवर याची चित्रं काढली तेव्हा ती काळी-पांढरी आणि भुरकट होती. सगळ्यात प्रसिद्ध फ्रॅक्टल हाच आणि रोजच्या कामाला सगळ्यात कमी येणारा हाच, पण एवढ्याशा नियमातून एवढं निघतं हे बघायला मजा येते हे खरंय, बघ अजून.

प्रश्न (मुलुंड): "फ्रॅक्टल ट्रेडिंग" शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. मार्केट फ्रॅक्टल असतं असं त्यात म्हटलंय. खरं आहे का? पैसे भरू का?

उत्तर: पहिलं बऱ्यापैकी खरं, दुसऱ्याचं उत्तर नाही.

१९६३ मध्ये मँडेलब्रॉटने कापसाच्या भावाचे जुने आकडे तपासले आणि त्याला असं दिसलं की दिवसाचे चढउतार आणि महिन्याचे चढउतार, मोजपट्टी बदलून बघितले तर एकाच जातीचे दिसतात, चार्टवरची तारीख झाकली तर हा आठवड्याचा की वर्षाचा हे सांगणं कठीण. दुसरं जे दिसलं ते जास्त महत्त्वाचं, की मोठे धक्के आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त वेळा बसतात. पुस्तकातल्या घंटेच्या आकाराच्या आलेखावर विश्वास ठेवला तर १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला तसं विश्वाच्या वयात एकदाही व्हायला नको. आपल्याकडे २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३.१५ टक्के पडला तो दलाल स्ट्रीटवरचे लोक अजून विसरले नाहीत.

म्हणजे यातून शिकायचं काय, तर धोका वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. उद्या भाव वर जाईल की खाली हे यातून कळत नाही, खडबडीतपणा मोजता येतो, पुढचं वळण सांगता येत नाही. किनाऱ्याची मिती माहीत असली म्हणून नकाशा न बघता पुढची खाडी उजवीकडे की डावीकडे हे कोणी सांगेल का? आणि ट्रेडिंग ॲपमध्ये "फ्रॅक्टल" नावाचा जो इंडिकेटर असतो तो फक्त लागोपाठच्या पाच कँडलमधली (चार्टवरच्या भावाच्या उभ्या पट्ट्यांमधली) मधली सगळ्यात उंच किंवा सगळ्यात खाली आहे का बघतो, त्यात मिती नाही आणि काही नाही. सेबीने २०२४ मध्ये सांगितलंय की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) ट्रेड करणाऱ्या दर १०० वैयक्तिक लोकांपैकी ९३ तोट्यात गेले. कोर्सवाल्याचं उत्पन्न मात्र कोर्सच्या फीतून येतं, त्यामुळे त्याचं बरं चाललेलं असणार.

प्रश्न (अंबरनाथ): आमच्या शिवमंदिराचं शिखर फ्रॅक्टल आहे आणि आपल्या पूर्वजांना फ्रॅक्टल माहीत होते असा फॉरवर्ड फिरतोय. आणि रांगोळीसुद्धा फ्रॅक्टल का?

उत्तर: १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं तुमचं मंदिर भूमिज शैलीतलं आहे, या शैलीत मोठ्या शिखराच्या अंगावर त्याच्याच छोट्या प्रतिकृती ओळीने खालून वर लहान होत जातात. मोठ्यात छोटं तसंच, हे अगदी बरोबर पाहिलंय कोणीतरी. वरचा भाग पडलाय तरी ओळी दिसतात, सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलात तर पूर्ण बघायला मिळेल. पण हे एक-दोन पायऱ्यांवर थांबतं, आणि मोजपट्टी बदलली तर काय होतं हा प्रश्न त्या स्थपतींनी विचारल्याचं काही दिसत नाही. त्यांच्याकडे छोट्यातून मोठं रचायची जबरदस्त पद्धत होती, तेवढं कौतुक पुरेसं आहे की, त्यावर आपण नंतरचं लेबल कशाला चिकटवायचं.

रांगोळी बहुतेक वेळा नाही. चारही बाजूंनी सारखी असणं वेगळं आणि आत आत गेल्यावर तसंच सापडणं वेगळं. ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ठिपक्यांमध्ये भिंग धरून बघितलं तर नुसती पांढरी रेघच दिसणार ना.

प्रश्न (गोरेगाव, व्हीएफएक्स शिकणारी): आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डोंगर, ढग, आग सगळीकडे "फ्रॅक्टल नॉइज" असं बटण आहे. ते याचंच का? आणखी कुठे वापरतात?

उत्तर: याचंच, आणि त्याची गोष्ट छान आहे. लॉरेन कार्पेंटर नावाचा माणूस बोइंगमध्ये होता, विमानांच्या मागे दिसायला डोंगर हवे होते आणि एकेक दगड हाताने काढणं शक्य नव्हतं, मँडेलब्रॉट वाचून त्याला सुचलं की एक त्रिकोण घ्यायचा, तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू थोडे वर-खाली सरकवायचे, चार छोटे त्रिकोण झाले, मग त्यांचे मध्यबिंदू पण आधीपेक्षा कमी सरकवायचे, असं करत राहिलं की डोंगर तयार. दरवेळी किती कमी सरकवायचं तेवढा एक आकडा बदलला की सह्याद्री होतो किंवा गोल गुळगुळीत टेकड्या होतात. तुझ्या बटणाखाली "रफनेस" असा स्लायडर असेल ना, तोच तो. १९८० मध्ये त्याने डोंगरांवरून उडायची दोन मिनिटांची फिल्म एका कॉन्फरन्समध्ये दाखवली, लुकासफिल्मने त्याला नोकरी दिली आणि १९८२ मध्ये हॉलिवूडच्या एका अंतराळपटात असे डोंगर झळकले.

ढग तर खरेच तसे आहेत. १९८२ मध्येच शॉन लव्हजॉयने उपग्रह आणि रडारवरून ढगांची आणि पावसाच्या पट्ट्यांची क्षेत्रफळं आणि परिमिती मोजल्या, १ चौरस किमीपासून १२ लाख चौरस किमीपर्यंत, सगळीकडे मिती १.३५. म्हणून विमानाच्या खिडकीतून ढग बघताना तो केवढा आणि किती लांब हे कळत नाही. खडकांचंही तसंच, म्हणून भूगर्भशास्त्राचे लोक खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडी किंवा नाणं ठेवतात, नाहीतर तो दगड आहे की कडा हे फोटोवरून ओळखता यायचं नाही.

अँटेना हा आणखी एक वापर. १९८८ मध्ये बोस्टनच्या नेथन कोहेनला घरमालकाने बाहेर अँटेना लावायला मनाई केली (सोसायटीच्या सेक्रेटरीशी डिशवरून भांडलेल्यांना हे दुःख कळेल), तर त्याने तार कॉखच्या टोप्यांसारखी वाकवून छोटी अँटेना केली, आणि ती चालली. कमी जागेत लांब तार मावते हा एक फायदा, आणि एकाच आकारात लहान-मोठ्या मापाचे तुकडे असल्यामुळे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी पकडता येतात हा दुसरा. प्रत्येक मोबाइलमध्ये फ्रॅक्टल अँटेना असतेच असं नेटवर लिहिलेलं सापडेल, ते जरा वाढवून सांगितलेलं आहे.

फसलेलं उदाहरण पण सांगते. मायकेल बार्न्सलीने फोटो लहान फाइलमध्ये बसवायला फ्रॅक्टल वापरले, फोटोचा एक भाग दुसऱ्या भागाची छोटी नक्कल आहे हे शोधायचं आणि फक्त ते नियम साठवायचे. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टा ज्ञानकोशाच्या सीडीवर हे वापरलं होतं. पण त्या नकला शोधायला कॉम्प्युटरला फार वेळ लागायचा, जेपेग या फोटो लहान करायच्या दुसऱ्या पद्धतीचं काम पटकन व्हायचं, झालं, संपलं.

प्रश्न (कांदिवली, इयत्ता आठवी): घरी स्वतः फ्रॅक्टल करून बघायचाय, कॉम्प्युटर नाही. काय करू?

उत्तर: वही आणि एक रंगीत पेन घे. सगळ्यात वर एका चौकटीत १ लिही, खालच्या ओळीत १ १, त्याखाली १ २ १, मग १ ३ ३ १, प्रत्येक आकडा म्हणजे वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज आणि दोन्ही टोकांना कायम १. पास्कलचा त्रिकोण म्हणतात याला, पण पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकातच हा मेरुप्रस्तार म्हणून समजावलाय, कवितेत लघु-गुरू किती प्रकारे मांडता येतील ते मोजायला. आता विषम आकड्यांच्या चौकटी रंगव, सम तशाच सोड. आठ ओळी झाल्या की त्रिकोणात उलटे त्रिकोण दिसायला लागतील, सोळा झाल्या की त्या आठ ओळींचाच नमुना तीन वेळा आलेला दिसेल, एक वर, दोन खाली.

मग मोज. ८ ओळींत २७ रंगीत चौकटी, १६ ओळींत ८१, ३२ ओळींत २४३. ओळी दुप्पट, रंगीत चौकटी तिप्पट. ठाण्याच्या वाचकांना वर दिलेलं उत्तर वाच आणि सांग, दुप्पट केल्यावर २ झाले असते तर मिती १, ४ झाले असते तर २, मग ३ ला किती? कॅल्क्युलेटरवर २ चा १.५८५ वा घात करून बघ.

मोठे आकडे लिहीत बसू नकोस, सोळाव्या ओळीतच ६,४३५ येतो. नुसतं "वि" आणि "स" लिही. दोन्ही शेजारी सारखे असतील तर खाली स, वेगळे असतील तर वि. ग्राफ पेपर वापरलास तर एका ओळीचे चौकोन अर्धा चौकोन सरकवावे लागतात, त्यापेक्षा ओळी डावीकडून एकाखाली एक लिही (मग दोन शेजारी म्हणजे बरोबर वरचा आणि त्याच्या डावीकडचा), काटकोन त्रिकोण होईल पण नमुना तोच येतो. ६४ ओळींसाठी मोठा ग्राफ पेपर लाग­तो, किंवा दोन चिकटव.